शुक्रवारचा तूस

रोह्यात एझ्रा रोहेकरांची पोह्याची गिरणी शनिवारी बंद असते, हे गावाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बदलून आलेला एखादा नवा बँकवाला शनिवारी फाटकाशी उभा दिसला, की समोरचा पानवाला चुना लावता लावता सांगायचा, "उद्या या. शेटचा देव आज सुट्टीवर हाय."

एझ्राशेट साठीला आलेले. त्यांच्या स्वभावाचा ताळेबंद काढायचा तर सचोटी जमेला, हट्ट खर्चाला, आणि शिल्लक म्हणून एस्थरबाई. धाकटा भाऊ नथानियल बायकोमुलांसकट इस्रायलला गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. दर सणाला त्याचा फोन यायचा. आधी तब्येत, मग हवापाणी, मग "दादा, गिरणी विक आणि निघून ये." एझ्राशेट म्हणायचे, "मग गिरणी कोण बघणार?" फोन खाली ठेवला की एस्थरबाई म्हणायच्या, "तुम्ही गिरणी बघता होय? मला वाटत होतं गिरणी तुम्हाला बघते."

गिरणीत एक जुनी रीत होती. शुक्रवारी ऊन कलायच्या आत भट्टी विझवायची, जमीन झाडायची, आणि भातावरून निघालेल्या तुसाने भरलेल्या खोलीचं दार उघडं करून आपण तिथून बाजूला व्हायचं. आसपासच्या बायका टोपल्या घेऊन यायच्या आणि खोली रिकामी करून जायच्या. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती तूस ठासायचा, बाटली अलगद वर काढायची आणि खालून काडी लावायची. त्या शेगडीवर घरादाराचं जेवण निघायचं आणि धूर फक्त नावाला. ही रीत एझ्राशेटच्या वडिलांनी, एलियासशेटनी घातलेली. शुक्रवारी दिवस मावळला की ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, लागतो; तो लागायच्या आत वाटायचं ते वाटून मोकळं व्हावं, आणि दिलेल्याची वाच्यता करू नये, एवढं ते मुलाला सांगून गेले होते. पहिल्या सांगण्याने एझ्राशेटचं कधी काही बिघडलं नाही. घोटाळा केला तो दुसऱ्याने.

भिजवलेलं भात भट्टीवरच्या तापल्या वाळूत भाजायचं. भट्टी लाकडावर चालायची आणि लाकडाचे दिवस भरत आले होते. जंगलखात्याच्या नाक्यावर गाड्या अडायच्या. गावालगतच्या वरशाला नव्या बिल्डिंगी उठल्या होत्या. तिथल्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरींवर भट्टीची काजळी बसायची, आणि सोसायटीचे सेक्रेटरी ती काळी चादर घडी करून काखेत घेऊन गिरणीत यायचे. बोलायचे नाहीत, फक्त उलगडून दाखवायचे.

अशात, अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत, हरेश आला. पेणला ऑफिस असलेल्या एका संस्थेचा तरुण इंजिनिअर. संस्था पेणची, पैसा परदेशातला. त्याच्या पिशवीत थर्मामीटर होता, टेप होती, आणि तोंडात एक सभा होती.

"जपानात सगळ्या देशांची सभा झाली, शेट. हवेत कार्बन फार झालाय. मोठ्या देशांनी धूर कमी करायचं कबूल केलंय."

भट्टीवाला कान्हू फावड्याला टेकून ऐकत होता. "मग करूंदे की. त्यांचे भोंगे किती, आपली भट्टी किती!"

"त्यांना तिकडे कमी करायला महाग पडतं. इथे स्वस्तात होतं. म्हणून ते तुम्हाला नवी भट्टी देणार. लाकूड बंद, गिरणीचाच तूस जाळायचा. वारा घालायला विजेचा पंखा. तुमचा जेवढा धूर वाचेल तेवढा त्यांच्या नावावर जमा."

"म्हंजी उपास आमी करायचा आन् पुण्य त्यांला?"

"भट्टी फुकट मिळतेय, कान्हू," एझ्राशेट म्हणाले.

"मंग करतो उपास," कान्हू म्हणाला.

हरेशच्या अटी दोन होत्या. जुनी भट्टी पाडायची, म्हणजे मागे फिरायची सोय राहायला नको. आणि काही आठवड्यांनी तपासणी होईल. कबूल केलेली बचत दिसली तर नवी भट्टी शेटची, नाही दिसली तर पंखा आणि लोखंडी जाळी उचलून यादीतल्या पुढच्या गिरणीला. पुढची गिरणी पेणच्या कमळाकरची होती. म्हणजे तपासणीत नापास झालेल्या माणसाकडे नवी भट्टी नाही, जुनीही नाही. एझ्राशेटनी हे दोनदा ऐकून घेतलं, कारण अट म्हणजे काय हे व्यापाऱ्याला कळतं, आणि मग हो म्हटलं, कारण काळी चादर म्हणजे काय हेही त्यांना कळत होतं.

मग हरेशने मोजमापं घेतली. शेवटी तुसाच्या खोलीत डोकावून म्हणाला, "ह्याचं आत्ता काय करता तुम्ही?"

"काही नाही."

"विकता?"

"छे!"

"जाळता?"

"आम्ही नाही जाळत."

"मग?"

"जातो," एझ्राशेट म्हणाले, आणि पोहे खाणार का विचारून त्यांनी विषय बदलला.

एकही शब्द खोटा नव्हता. हरेशने लिहून घेतलं: टाकाऊ.

तो गेल्यावर एस्थरबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या होत्या. घर वर, गिरणी खाली. त्यामुळे खालचं बोलणं वर फुकट मिळायचं.

"सांगायला काय झालं होतं?"

"बाबा म्हणायचे, दिलेल्याचं बोलू नये."

"बाबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिरवू नका म्हणून सांगितलं. इंजिनिअरपासून लपवा असं नव्हतं सांगितलं."

"लपवलं कुठे? त्याने विचारलं तेवढं सांगितलं."

"वा! म्हणजे आता त्याला बायकांनी सांगायचं."

मार्चमध्ये जुनी भट्टी पडली. कान्हूने पहिला घाव घालायला नकार दिला, आणि मग दुसऱ्या कुणाला घालू दिला नाही. नवी भट्टी उभी राहिली. तिच्या पंख्याचा घूं आवाज सुरू झाला आणि धुराड्यातून इतका पातळ धूर निघू लागला, की कान्हूला ती पेटली आहे की नाही हे बघायला पुन्हा पुन्हा वाकावं लागायचं. वरशाचे सेक्रेटरी पांढरी चादर घेऊन आले आणि त्यांनी तीही उलगडून दाखवली. पोहे भाजले जात होते, टपोरे निघत होते. पहिले पाच दिवस सगळे खूश.

मग शुक्रवार आला.

बायका नेहमीसारख्या आल्या. पुढे धोंडुबाय. ती गिरणीतच पोहे चाळायला होती, त्यामुळे टोपली घेऊन यायला तिला फक्त मागच्या पडवीतून पुढे यायचं असायचं; तरी रीत म्हणून ती फाटकाबाहेर जाऊन बायकांबरोबर पुन्हा आत यायची. खोलीत तूस नेहमीपेक्षा कमी होता, कारण भट्टी आठवडाभर तोच खात होती. एझ्राशेटनी तरीही दार उघडलं. बायकांनी खोली झाडून नेली.

रविवारी सकाळी कान्हू रिकाम्या खोलीत उभा राहिला. "शेट, हिला आता काय चारू?"

भात भाजल्याशिवाय तूस निघत नाही, आणि तुसाशिवाय भात भाजत नाही. आदल्या दिवशी सूर्य मावळल्यावर भिजत घातलेलं भात पिंपांत फुगून बसलं होतं. कान्हूने सुकी पानं घातली, फाटकी पोती घातली, शेवटी मोडकं स्टूल घातलं. दुपारपर्यंत भाताला आंबूस वास सुटला. नवी भट्टी लाकडासाठी बांधलेली नव्हती. तिने स्टुलाचा असा धूर केला की वरशाहून चादर आली.

एझ्राशेट पुढच्या गाडीने निडी, नागोठणं मागे टाकत पेणला गेले.

पेणचा कमळाकर हा गणपतीच्या कारखान्यांच्या आळीमागे गिरणी चालवणारा, गोड बोलून आतड्याला चिमटा काढणारा मित्र. त्याने खुर्ची पुसून दिली.

"बसा. सगळ्या दुनियेचा धूर संपवायला निघालेला माणूस माझ्या दारात! काय हुकूम?"

"टेंपोभर तूस दे."

"तूस?" कमळाकरने डोळे मोठे केले. "अरे, तुझी भट्टी तुझ्याच तुसावर चालते ना? हरेश मला तसाच हिशेब दाखवून गेलाय. अगदी तुझं नाव घालून."

"चालते. शुक्रवारपर्यंत."

कमळाकरला शुक्रवारची रीत माहीत होती. त्याच्या वडिलांनीही ती नावाजली होती, पण उचलली नव्हती. तो हसायचा थांबला. "सांगितलं नाहीस त्याला?"

"नाही."

"बरं, मी तुला तूस देतो. पण माझा तूस जिते गावचा वीटवाला नेतो. तुला दिला की तो दगडी कोळसा आणणार. म्हणजे तुझ्याकडचा धूर मिटला, तो विटांवर बसला. वरून टेंपोचं डिझेल. हे हरेशला कुठल्या रकान्यात लिहायला सांगू?"

"तू टेंपो भर."

"भरतो रे. पण एक विचारू? तुझी भट्टी उचलली तर ती माझ्याकडे येणार ना?" कमळाकर खालच्या आवाजात म्हणाला. "मला नकोय ती. पण फुकट आहे, नाही कसं म्हणू?"

टेंपोवर ताडपत्री बांधली होती तरी वडखळच्या नाक्यावर वारा आत शिरला आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यांच्या डोळ्यांत पेणचा तूस गेला. रोह्यापर्यंत एझ्राशेट ड्रायव्हरशेजारी बसून शिव्या ऐकत आले. हे दर आठवड्याला करायचं नाही, एवढं त्यांनी वाटेत ठरवलं.

पुढच्या शुक्रवारी तुसाच्या खोलीला कुलूप होतं.

धोंडुबाय टोपली कमरेला लावून कुलपासमोर उभी राहिली. मागे बायका. "काय शेट? देव दोन दिस सुट्टीवर गेला?"

"तूस भट्टीला लागतो, धोंडुबाय."

"आन् आमाला काय लागतं? हवा?"

"थोडे दिवस. तपासणी होऊ दे."

"तपासणी झाली की भट्टीचं पोट कमी व्हनार?"

भट्टी शेटची झाली तरी तिला रविवारी तूस लागणारच होता. गिरणी चालू ठेवायची तर शुक्रवार बंद, आणि शुक्रवार ठेवायचा तर गिरणी बंद. हा सरळ हिशेब एझ्राशेट आठवडाभर वेगवेगळ्या बाजूंनी करून बघत होते आणि प्रत्येक वेळी बाकी तीच येत होती. बायका गेल्या. कुणी वाईट बोललं नाही. मालू नावाची एक म्हातारी तर जाता जाता "असूंदे" म्हणाली, आणि ते एझ्राशेटना सगळ्यात झोंबलं.

त्यानंतर धोंडुबाय कामावर उशिरा येऊ लागली. हातांवर ओरखडे, पदराला कुसळं. बायका डोंगराला जात होत्या. वरच्या उतारावरची साग-ऐनाची कोवळी झाडं, करवंदीच्या जाळ्या, हाताला लागेल ते ओलंसुकं डोक्यावरून खाली यायचं. एक दिवस ती आली ती रिकाम्या हाताने आणि चाळण आपटूनच बसली.

एस्थरबाईंनी चहा दिला. "काय झालं गो?"

"फारेस्टवाल्यानं कोयता घेतला. माज्या सासूचा कोयता. म्हनतो, झाडं तोडू नको, जगाची हवा बिघडते. म्या म्हटलं, बाबा, जगाला जाऊन सांग, माजं जळण एझ्राशेटच्या भट्टीनं खाल्लंन."

"मग?"

"मग काय! म्हनतो, कोन एझ्राशेट? म्या म्हटलं, त्योच, ज्याला बक्षीस मिळनार हाय."

एस्थरबाई हसल्या नाहीत. जेवणाच्या वेळी त्यांनी नवऱ्याच्या ताटात पोळी वाढली आणि म्हणाल्या, "धूर कमी झालाय हां. आपल्या धुराड्यातला."

हरेश पुढच्या खेपेला आला तेव्हा एझ्राशेटनी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शुक्रवारचं तोंडाने सांगितलं, आणि ते सांगताना त्यांची मान अशी खाली होती की जणू चोरी कबूल करत होते. हरेश ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"मी विचारलं होतं तुम्हाला. चारदा विचारलं."

"विचारलं होतंत."

"तुम्ही 'जातो' म्हणालात."

"जात होता."

हरेशने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शेट, तो कागद आता परदेशात पोचला. त्याच्यावर पुढच्या गिरण्यांचे हिशेब उभे आहेत."

"खोडा आणि नवा लिहा."

"काय लिहू? लाकूड भट्टीतून निघालं आणि बायकांच्या डोक्यावर गेलं?" मग कुठेतरी वाचलेलं आठवल्यासारखा म्हणाला, "तसं बघितलं तर ते गिरणीच्या बाहेर घडतंय. प्रकल्पाची हद्द फाटकापर्यंत. फाटकाबाहेरचं आपण धरत नाही."

"धूर फाटक बघून थांबतो का?" जिन्यावरून आवाज आला.

"धूर थांबत नाही, बाई. पण मोजणी कुठेतरी थांबवावी लागते. नाहीतर मी मोजत मोजत जपानला पोचेन." हरेश वाईट माणूस नव्हता. एवढंच की फाटक त्याला सोयीच्या जागी सापडलं होतं. "शेट, तपासणीपर्यंत गप्प राहा. भट्टी गेली तर तुमची गिरणी जाते, आणि माझीही जागा काही राहत नाही."

मागच्या पडवीत धोंडुबाय पोहे चाळत होती. चाळणीचा आवाज मधेच थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला.

तपासणी नेमकी शुक्रवारी ठेवलेली. मुंबई ऑफिसच्या मृणालीबाई दुपारी येणार होत्या. दुपार झाली, चार वाजले, तरी जीप नाही. वडखळला ट्रक आडवा झाला होता. हरेश आधीच पोचला होता आणि फाटक ते भट्टी अशा येरझाऱ्या घालत होता. भट्टी एरवी ह्या वेळेला विझलेली असायची. आज पाहुणीला दाखवायला पेटती ठेवली होती. एझ्राशेट आळीपाळीने घड्याळाकडे आणि सूर्याकडे बघत होते, आणि दोघांपैकी कुणीच ऐकत नव्हतं.

बायका त्यांच्या नेहमीच्या वेळेला आल्या. ह्या खेपेला टोपल्यांत तीन तीन दगड होते, डोक्यावर लाकडं होती आणि काखेत भाताची पातेली. फाटकातून आत आल्या, अंगणात जागा धरून दगड मांडले आणि चुली पेटवल्या. लाकूड ओलं. बघता बघता अंगणात असा धूर झाला की समोरचा पानवाला दुकान टाकून बघायला आला.

हरेश धावला. "अहो, हे काय? इथे का?"

धोंडुबायने फुंकणीतून तोंड काढलं. "घरी पेटवली तर नातवाचा दमा उठतो. हितं वारा हाय."

"आजच? अहो बाई, आज तपासणी आहे!"

"मंग? तपासणीला भूक लागनार नाय? भात हाय, ज्येवा."

"शेट, ह्यांना बाहेर काढा! पाच मिनिटांत जीप येईल!"

एझ्राशेटनी धोंडुबायकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. बघत असती तर त्यांना सोपं गेलं असतं. "शुक्रवारी ह्या बायका आत येतात," ते म्हणाले. "माझ्या वडिलांपासून. मी कसं काढू?"

"पण चुली?"

"चुलीबद्दल वडील काही बोलले नव्हते."

तेवढ्यात जीप आली. मृणालीबाई उतरल्या; चाळिशीच्या, प्रवासाने शिणलेल्या, सुती साडीला धूळ. आधी त्यांनी वर धुराड्याकडे पाहिलं, तिथे धुराचा दोरा. मग खाली अंगणाकडे पाहिलं आणि त्यांना ठसका लागला. एस्थरबाईंनी पाणी आणून दिलं.

"ह्या कोण?"

"ह्या तात्पुरत्या आहेत, मॅडम," हरेश म्हणाला. "म्हणजे हे प्रकल्पाचं नाही."

"हद्दीत तर आहेत." त्या धोंडुबायसमोर उकिडव्या बसल्या. "मावशी, रोज लाकडावरच शिजवता?"

"आता. पूर्वी तुसावर."

"कुठला तूस?"

धोंडुबायने फुंकणीने कुलपाकडे दाखवलं. "त्यो. दर शुक्करवारी मिळायचा. आता भट्टी खाते."

मृणालीबाई उठल्या नाहीत. चुलीकडे बघत राहिल्या. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. असल्या चुली त्यांनी इतर गावांतही पाहिल्या असाव्यात, वेगवेगळ्या नावांनी. मग उठून त्या एझ्राशेटजवळ आल्या आणि हळू बोलल्या.

"हे मी लिहिलं, तर बचत उरत नाही. बचत नाही तर पंखा आणि जाळी उद्या पेणला. नाही लिहिलं, तर भट्टी तुमची. मी ह्या बायका पाहिल्याच नाहीत असं म्हणायला मला जड जाणार नाही. आजवर बरंच काही पाहिलेलं नाही मी. पण मग तुम्हीही पुढे बोलायचं नाही. काय करू ते तुम्ही सांगा."

"शेट," हरेश कानाशी लागला, "इतके दिवस गप्प राहिलात. आणखी पाच मिनिटं राहा."

एझ्राशेटनी भट्टीकडे पाहिलं. तिचं तोंड लाल होतं, आवाज समाधानाचा होता, आणि ती बांधल्यापासून एका पोह्यालाही वाळूचा डाग लागला नव्हता. अशी भट्टी त्यांच्या वडिलांनी बघितली असती तर तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या असत्या. ती गेली की उरणार होती मधोमध एक काळी चौकोनी जागा, नाक्यावर अडलेली लाकडाची गाडी, आणि नथानियलचा फोन.

"तेव्हा मी तूस देत होतो, म्हणून बोललो नाही," ते हरेशला म्हणाले. "आता देत नाही. मग गप्प कशाबद्दल राहू?"

"शेट, अहो..."

"लिहा, बाई. तो टाकाऊ नव्हता. लोकांची चूल होती ती. आणि हे मी सांगितलं नव्हतं, हेही लिहा; ह्या मुलाची चूक नाही."

मृणालीबाईंनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. फार लिहिलं नाही. हरेश पोत्यावर बसला आणि गुडघ्यावरची टोपी उलटीसुलटी करत राहिला. लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, "ह्यावर तिकडे काय म्हणतील माहीत आहे? म्हणतील, पुढच्या वेळी शुक्रवार नसलेली गिरणी शोधा." त्या हसल्या, पण एकट्याच. मग जीप सुरू झाली, आणि तिने जाता जाता अंगणातल्या धुरात आपला वाटा टाकला.

सूर्य कुंडलिका नदीच्या पलीकडे टेकला होता. कान्हूने घाईघाईने भट्टीतला विस्तव ओढून काढला आणि पाणी मारलं. वाफेतून त्याचा आवाज आला, "शेट, रविवारी भात कशावर भाजायचं?"

"जुन्या भट्टीच्या विटा आहेत ना मागे?"

"निम्म्या वरशाच्या सेक्रेटरीनं नेल्या. कुंड्या मांडायला."

"मग निम्मी भट्टी बांध."

"आन् लाकूड?"

एझ्राशेटनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, दार सताड केलं आणि बाजूला झाले. वर एस्थरबाईंनी दिवा लावला होता; खिडकीत त्याचा उजेड आला. शब्बाथ लागला.

बायका आत शिरल्या. टोपल्या भरण्याची खरखर, "गो सरक ना जरा", "तुजी टोपली हाय का पाळणा", असं सगळं सुरू झालं. कुणी शेटना काही म्हटलं नाही, आणि म्हणू नये अशीच रीत होती. पण आज एखादीने मोडली असती तरी चाललं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

मग त्यांच्या लक्षात आलं की पंखा चालूच आहे. विस्तव विझला होता, राख ओली होती, आणि पंखा त्या काळ्या चिखलाला घूं घूं करून वारा घालत होता. बंद करायचा राहिला होता. शब्बाथात विस्तव किंवा वीज चालूबंद करायची नाही की करवून घ्यायची नाही; आता शेट बटणाला हात लावू शकत नव्हते, आणि कुणाला लाव म्हणूही शकत नव्हते. कान्हू मागे विटा मोजायला गेला होता. रविवारपर्यंत, नाहीतर पेणची माणसं येईपर्यंत, तो असाच फिरत राहणार, वीज खात, कुणासाठीच नाही. ते त्याच्यासमोर उभे राहिले आणि नुसते बघत राहिले.

धोंडुबाय डोक्यावर भरली टोपली घेऊन बाहेर आली. त्यांच्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं.

"बगतोस काय त्याच्याकडं? म्हाईत हाय मला, तू सांगायचा नायस." दोन्ही हात टोपलीला होते. ती भिंतीशी गेली, मेन स्विचच्या दांड्याखाली कोपर घातलं आणि वर ढकललं.

पंखा थांबला. त्याबरोबर गिरणीतले सगळे दिवे गेले.

"अगो बाय!" तुसाच्या खोलीतून मालू ओरडली. "हितं काय दिसंना!"

"येकच दांडा हाय, म्या काय करू?" अंधारात धोंडुबाय म्हणाली. "आन् घाई कसली गो तुमाला? ह्या येळचा तूस बगा आदी. निम्मी वाळू हाय त्यात."

कुणाचं तरी पातेलं कलंडलं, आणि त्यावरून भांडण सुरू झालं.